सिद्धम्माची साक्ष

पूर्णा नदी तरवाडीपाशी मोठं वळण घेते. त्या वळणावर महादेवाचं देऊळ, देवळाला लागून दगडी घाट आणि घाटाच्या खालच्या अंगाला उतार. नाव लागायची ती त्या उतारालाच. पलीकडच्या खेड्यांतला कापूस नावेतून अलीकडं यायचा, गाड्यांत भरला जायचा आणि जिंतूरवरून परभणीच्या जिनिंगला जायचा. गाव लहान असलं तरी त्यामुळं पेठ कायम भरलेली असे.

या पेठेत वीरुपाक्षाचं कापसाचं आणि किराण्याचं दुकान होतं. सिद्धम्मा जालन्याहून लग्न होऊन त्याच्या घरात आली, तेव्हा सासू अंथरुणाला खिळलेली होती आणि धाकटा दीर चंद्रप्पा अजून नीट बोलतही नव्हता. वर्षभरात सासू गेली. सिद्धम्माला स्वतःला मूल झालं नाही, पण ते दुःख करायला तिला सवड अशी मिळालीच नाही. चंद्रप्पाला गोवर आला, चंद्रप्पा झाडावरून पडला, चंद्रप्पाला मास्तरांनी मारलं, सगळं तिच्याच पदरात. पुढं वीरुपाक्ष तापानं गेला. चंद्रप्पाला तेव्हा मिसरूड फुटत होतं. दिवस-पाणी झाल्यावर सिद्धम्मानं दुकानाच्या किल्ल्या त्याच्या हातात दिल्या आणि आपण मागच्या खोलीत राहायला गेली. त्याच्यासाठी बसम्मासारखी देखणी, कामसू बायकोही तिनंच शोधून आणली.

सगळी पेठ तिला 'वैनी' म्हणायची. तिचा नेम एकच. सकाळी उजाडलं की नदीवर अंघोळ, घाटाच्या वरच्या पायरीवर बसून इष्टलिंगाची पूजा, मग घर. थंडी असो, पूर असो, त्यात खंड नव्हता.

निजामी राज्याचे दिवस होते ते. साल १९३७ असावं. कार्तिकातल्या एका सकाळी ती पूजा आटोपत होती, लिंग अजून तळहातावरच होतं. खाली उताराजवळ डोहाच्या कडेला दोन माणसं हातवारे करत बोलताना तिला दिसली. एक चंद्रप्पा. दुसरा परभणीच्या जिनिंगचा खरेदीदार बन्सीधर. आदल्या दिवशी बाजारात बन्सीधरनं चंद्रप्पाची बोचकी फोडली होती आणि आतला कापूस पाणी मारून जड केलेला निघाला होता. आता परभणीला जाऊन सांगतो, तरवाडीतला तुझा कापूस यापुढं कुणी उचलायचा नाही, असं तो चारचौघांत बोलला होता. ते सिद्धम्माच्या कानावर आलेलं होतं. चंद्रप्पा त्याची समजूत घालायला आला असेल, असं तिला वाटलं.

बन्सीधरनं मान हलवली आणि पाठ फिरवली. शेजारी सोडलेली गाडी होती. चंद्रप्पानं जोखडातली शिवळ, तो लाकडी दांडा, उपसली आणि मागून त्याच्या डोक्यात घातली. बन्सीधर गुडघ्यावर आला. चंद्रप्पानं आणखी एकदा मारलं आणि पायानं लोटून त्याला डोहात ढकललं.

पायरीला धरून सिद्धम्मा उठली तेव्हा चंद्रप्पा करंजांच्या आडून गावाकडं पळत होता. थोड्या वेळानं मेंढरं घेऊन हटकरवाड्यातला मेंढपाळ मुंजाजी हटकर तिथं आला. पाण्यात माणूस बघून त्यानं घोंगडी टाकली, डोहात उडी घेतली आणि बन्सीधरला ओढत काठावर आणलं. त्याच्या छातीशी डोकं लावून बघितलं, पण जीव गेलेला होता. मग तो मोठ्यानं हाका मारत सुटला.

चांगुलपणाची ही एवढी शिक्षा मुंजाजीनं स्वप्नातही पाहिली नसेल. पोलिसांचा अमीन आला तेव्हा मुंजाजीचे कपडे रक्तानं माखलेले होते. बन्सीधरच्या गाडीखाली मुंजाजीचं कोकरू सापडलं होतं आणि त्यावरून दोघांची बाजारात बाचाबाची झालेली होती, हे दहा माणसांनी सांगितलं. आणि चंद्रप्पा पुढं होऊन म्हणाला, "मी सोता बघितलं साहेब. ह्येनंच मारलं."

मुंजाजीला हातकड्या घालून नेलं.

त्या दिवशी दुपारी सिद्धम्मानं चंद्रप्पाला मागच्या खोलीत बोलावलं. दार लोटून घेतलं.

"चंद्रू, मी घाटावर व्हते."

तो भिंतीला टेकला. मग म्हणाला, "वैनी, माझ्या हातून झालं. मला तसं करायचं नव्हतं."

"मग तसं सांग. अमीनाला सांग, पंचायला सांग. रागाच्या भरात झालं म्हण. पण त्या मेंढक्याला सोडव."

"सांगतो. दोन दिवस द्या मला. बसम्माचे दिवस भरत आलेत. बाळंत होऊ द्या तिला."

सिद्धम्मानं दिवस दिले. बसम्मा बाळंत झाली, मुलगा झाला, शिवमूर्ती नाव ठेवलं. चंद्रप्पा म्हणाला, बाळ बाळसं धरू द्या. मग म्हणाला, संक्रांत होऊ द्या. संक्रांत झाली तेव्हा सिद्धम्माला कळून चुकलं, की हा आपल्याला फसवतोय आणि आपण फसवून घेतोय.

अशात एक दिवस मुंजाजीची बायको कासाबाई घाटावर आली. मेंढरं निम्मी विकून झाली होती. नवऱ्याला भेटायला परभणीच्या हवालातीपर्यंत चालत जाऊन-येऊन तिच्या पायांना भेगा पडल्या होत्या. ती रडली नाही, पाया पडली नाही. दोन पायऱ्या खाली उभी राहून तिनं विचारलं, "माय, तुमी रोज हितं बसता. माझ्या मालकानं त्या माणसाला पाण्यातनं काढलं, ते तुमी बघितलं का न्हाई?"

सिद्धम्माला वाटलं, नाही म्हणावं. एका शब्दाचं काम होतं.

"बघितलं," ती म्हणाली. "आणि त्येच्या आधीचं बी बघितलं."

कासाबाई मटकन खाली बसली.

"तुझा वकील कोण हाय?" सिद्धम्मानं विचारलं. "त्येला सांग, माझं नाव घाल म्हणून. मी येते."

दिनकरराव हे परभणीतले वकील गरिबांचे खटले चालवायचे. त्यांनी सिद्धम्माचं नाव बचावाच्या साक्षीदारांत घातलं. अदालतीचा शिपाई समन्स घेऊन दुकानाच्या पायरीवर आला, तेव्हा घरात वीज पडल्यासारखं झालं. बसम्मा तान्ह्या मुलाला घेऊन पुढं आली आणि त्याला सिद्धम्माच्या पायांवर ठेवलं.

"अक्का, ह्येला बिगरबापाचा करताव का?"

सिद्धम्मानं बाळाला उचललं, बसम्माच्या हातात परत दिलं. "कासाबाईची बी पोरं हायत," एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळी समाजातले वडीलधारे आले. घराण्याची अब्रू, वीरुपाक्षाचं नाव, मठातली बैठक, सगळं बोलून झालं. मेंढक्यासाठी कुणी आपलं घर जाळतं का, असं एकजण म्हणाला. सिद्धम्मानं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. "ह्ये माझ्या तळहातावर व्हतं तवा मी बघितलंय," ती म्हणाली. "आता तुमीच सांगा, रोज ह्येच्यापुढं कोणतं तोंड घेऊन बसू?" वडीलधारे उठले, आणि उठताना कुणी तिच्या घरचं पाणीही घेतलं नाही.

चंद्रप्पानं वेगळा मार्ग काढला. तारीख जवळ आली तशी त्यानं गाडी जुंपायला लावली आणि सांगितलं, जालन्याहून निरोप आलाय, तुमचे भाऊ लय आजारी हायत. सिद्धम्मा गाडीत बसली. पण जिंतूर मागं पडल्यावर गाडीवान तिची नजर चुकवायला लागला, तेव्हा तिला शंका आली.

"खरं सांग बाबा. भाऊ आजारी हाय का?"

"मला काय म्हाईत, वैनी. तुमाला तिकडं पोचवायचं आणि पंधरवडाभर परत आणायचं न्हाई, असं शेट म्हणलेत."

देवगाव फाट्यावर बैलांना पाणी पाजायला गाडी थांबली. सिद्धम्मा उतरली, गाठोडं काखेत मारलं आणि सेलूच्या रस्त्याला लागली. गाडीवान मागं धावत आला. "वैनी, मला शेट ठेवायचा न्हाई."

"त्येला सांग, म्हातारी ऐकत नव्हती. खोटं बोलावं लागायचं न्हाई तुला."

पन्नाशी उलटलेली बाई, तीही कधी पेठेबाहेर एकटी न गेलेली. ऊन चढत चाललं होतं. मोंढ्याच्या बाजाराला निघालेल्या एका सरकीच्या गाडीवाल्यानं तिला पुढं बसवून घेतलं. सेलूच्या स्टेशनावर तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं तिकीट स्वतः मागितलं आणि आगगाडीनं परभणी गाठली. दिनकररावांच्या ओसरीत कासाबाई मुलांना घेऊन बसलेली होती. सिद्धम्मा दिसताच ती उठून उभी राहिली आणि तिनं तिच्या हातातलं गाठोडं घेतलं.

जिल्हा अदालतीचे न्यायाधीश, ज्यांना लोक नाझीमसाहेब म्हणत, ते हैदराबादकडचे वयस्क गृहस्थ होते. कामकाज उर्दूत चालायचं. साक्षीदार मराठीत बोलला की शिरस्तेदार ते उर्दूत सांगायचा. मुंजाजी आरोपीच्या जागी उभा होता, इतका वाळलेला की सिद्धम्मानं आधी त्याला ओळखलंच नाही. चंद्रप्पाची साक्ष आदल्याच तारखेला होऊन गेली होती. तो मागच्या बाकावर बसला होता. सिद्धम्मा आत आली तसं त्याचं तोंड उतरलं.

तिनं पाहिलेलं सगळं सांगितलं, चढवलं नाही, गाळलं नाही. चंद्रप्पाचं नाव आलं तेव्हा ती थांबली आणि पुन्हा पहिल्यापासून ते वाक्य बोलली.

सरकारी वकील उठला. "इतके महिने गप्प का होतीस?"

"मी त्येला वाढवलाय. आपण होऊन सांगंल म्हणून वाट बघितली. ती माझी चूक झाली. त्या चुकीपायी हा माणूस कोठडीत हाय."

"दीर तुरुंगात गेला की दुकान, मळा सगळं तुझ्याच हाती येणार. खरं ना?"

सिद्धम्माला हा प्रश्न अपेक्षित नव्हता. तिनं वळून चंद्रप्पाकडं पाहिलं. तो खाली बघत होता. हा प्रश्न कुणी पढवला असेल, हे तिला सांगायला नको होतं.

"साहेबाला म्हणावं लिहून घ्या," ती शिरस्तेदाराला म्हणाली. "घर, दुकान, मळा, माझ्या मालकाच्या वाट्याचं जे काय असंल त्ये समदं मी सोडलं. चंद्रूच्या लेकरायला राहू द्या. मला त्यातलं दाणाभर बी नको."

शिरस्तेदारानं ते उर्दूत सांगितलं. नाझीमसाहेबांनी लेखणी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच तिच्याकडं नीट पाहिलं.

सरकारी वकील सहजी सोडणारा नव्हता. घाट कुठं, डोह कुठं, या वयात इतक्या लांबचं माणूस ओळखू येतं का, असा धोशा त्यानं लावला. शेवटी नाझीमसाहेब म्हणाले, "हम खुद जाकर देखेंगे." होळी झाल्यावर जागेची पाहणी ठरली. तोपर्यंत सिद्धम्मा दिनकररावांच्या घरीच राहिली. चंद्रप्पा त्याच संध्याकाळी गावी परतला.

पाहणीच्या दिवशी सारी तरवाडी घाटावर लोटली. नाझीमसाहेब मोटारीतून उतरले, पायऱ्या चढून वर आले. सिद्धम्मा आपल्या रोजच्या जागी जाऊन बसली आणि तिनं खाली पाहिलं.

डोह दिसत नव्हता. उतार दिसत नव्हता. घाट आणि डोह यांच्यामध्ये, दत्तराव नावाच्या गावकऱ्याच्या शेतात, घरापेक्षा उंच अशी कडब्याची गंजी उभी होती.

सरकारी वकील हसला. "हुजूर, बाईंनी इथून काय पाहिलं ते आता त्यांनीच दाखवावं."

लोकांत कुजबुज सुरू झाली. दिनकररावांचा चेहरा पडला. सिद्धम्मा उठून उभी राहिली.

"ही गंजी हितं नव्हती."

दत्तरावाला पुढं बोलावलं. तो फेटा चाचपत आला. नजर चंद्रप्पाकडं. "दरसाली हितंच लावतो, सरकार. दिवाळीपासून हाय ही."

"न्हाई," सिद्धम्मा म्हणाली. "त्येची गंजी गावात, गोठ्यापाशी असती. विचारा कुणालाबी."

ज्यांना ती वर्षानुवर्षं पाहत आली होती, ती माणसं नदीकडं, आभाळाकडं, स्वतःच्या पायांकडं बघत होती. सरकारी वकिलानं घड्याळ काढलं. आता निघावं असं तो म्हणत होता. सिद्धम्मा पायऱ्या उतरून खाली गेली, चिखलातून गंजीपाशी पोचली आणि तिनं एक पेंढी ओढली. बाजूला टाकली. मग दुसरी. कासाबाई धावत आली आणि तीही ओढायला लागली. शिपाई त्यांना अडवायला पुढं झाला, तसं नाझीमसाहेबांनी हात वर केला.

"रहने दो. निकालने दो."

दोन बायकांच्यानं ती गंजी उतरणार नव्हती हे दिसतच होतं. काही वेळ लोक नुसते उभे राहिले. मग हटकरवाड्यातले दोन-चार मेंढके आले. मग पेठेतला एक हमाल आला. पेंढ्या हातोहात मागं जायला लागल्या. गंजीचा माथा खाली आला, मग खांदा, आणि आधी करंजांचे शेंडे दिसले, मग पलीकडचा काठ, मग नाव, आणि शेवटी डोहाचं काळं पाणी उन्हात चमकायला लागलं.

नाझीमसाहेब खाली आले होते. गंजीच्या बुडाशी ते वाकले. छडीनं त्यांनी शेवटच्या पेंढ्या सारल्या. खाली हरळी होती. दबलेली, पण हिरवीगार.

ते दत्तरावाकडं वळले आणि मोडक्या मराठीत म्हणाले, "दिवाळीपासून घास असा राहतो?"

दत्तरावानं एकदा चंद्रप्पाकडं पाहिलं. नंतर तो खाली बसला आणि बोलायला लागला. होळीच्या आदल्या दिवशी चंद्रप्पा शेट आले, म्हणाले कडबा नदीकाठी रचून दे. कशाला, ते सांगितलं नाही. गाड्याही त्यांच्याच होत्या.

तरी नाझीमसाहेबांनी पाहणी पुरी केली. सिद्धम्माला परत वर बसवलं आणि आपल्या शिपायाला डोहाच्या काठी धाडलं. तो काय करतो ते सांग म्हणाले.

"त्येनं फेटा काढलाय. डोकं पुसायलाय. आता खाली बसून पायताण सोडायलाय." ती थांबली. "काटा मोडला वाटतं त्येला."

लोकांत हशा उसळला. नाझीमसाहेबांच्या मिशीतही जरासं हसू दिसलं. सिद्धम्मा मात्र हसली नाही. घाटाच्या कडेला दोन पोलीस चंद्रप्पाच्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले होते, आणि तेही तिला तिथून स्वच्छ दिसत होतं.

मुंजाजी सुटला. चंद्रप्पावर खटला भरला गेला आणि त्याला जन्मठेप झाली. त्या खटल्यातही सिद्धम्मानं तीच साक्ष दिली.

तिनं शब्द पाळला. घर सोडलं, देवळामागच्या एका खोलीत राहिली, पेठेतल्या बायकांच्या शेवया-पापड करून देऊन पोट भरलं. समाजातल्या कार्याला तिला बोलावणं येत नसे. हटकरवाड्यातून मात्र दर सणाला कुणीतरी दूध घेऊन येई. ती पहिल्यांदा नको म्हणाली, मग घ्यायला लागली. दरवर्षी औरंगाबादच्या तुरुंगात चंद्रप्पाला भेटायला ती जायची. तो भेटायला यायचा नाही. ती फाटकाबाहेर दुपारपर्यंत बसायची आणि परत यायची. एकदा कासाबाईनं विचारलं, "माय, पस्तावा व्हतो का?"

"वाईट वाटतं," सिद्धम्मा म्हणाली. "लय वाईट वाटतं. पस्तावा न्हाई."

मग अठ्ठेचाळीस साल उजाडलं. रझाकारांच्या टोळ्या गावोगाव फिरायला लागल्या. शेजारचं एक खेडं जळालं आणि तरवाडीतली माणसं नदी उतरून वऱ्हाडाच्या हद्दीकडं निघाली. सिद्धम्मा खोलीच्या दारात उभी राहून ती रांग बघत होती. आता या वयात कुठं जायचं, असा तिचा विचार चाललेला होता. तेवढ्यात रांगेतून बसम्मा बाहेर आली. तिचा शिवमूर्ती आता दहा वर्षांचा झाला होता. इतक्या वर्षांत बसम्मा सिद्धम्माशी एक अक्षर बोलली नव्हती. रस्त्यात समोर आली तर पदर ओढून बाजूनं जायची.

ती दारापाशी येऊन थांबली. तिच्या कडेवर कळशी होती, डोक्यावर बोचकं.

"अक्का, सामान कुठाय तुमचं?" ती म्हणाली. "नाव भरायलीय."

सिद्धम्मानं आत जाऊन एक लुगडं आणि तवा घेतला. दाराला कडी घातली. तिघं उताराकडं चालायला लागली. उतारावर चिखल झाला होता. बसम्मानं आधी शिवमूर्तीला नावेत चढवलं, मग मागं वळून हात पुढं केला.